न बोलणारा देव आणि एक लहान मुलगी



वचनांचे चिंतन करताना आपण बहुधा अनुभवमंटपातील थोर शरण-शरणींपासून आरंभ करतो. आजच्या पाठाचा आरंभ मात्र सहा-सात वर्षांच्या एका मुलीपासून करावयाचा आहे. ती लिंगायत घरातली नव्हती. तिच्या घरी हिंदी बोलली जात असे आणि घरातील देव म्हणजे आईच्या देव्हाऱ्यातील ठाकूरजी. त्या देवाची पूजा पाहता पाहता तिने पाच ओळी जुळविल्या. त्या ओळींत जे आहे ते नीट समजून घेतले तर वचनकारांचे एक मोठे म्हणणे आपल्याला अधिक स्वच्छ कळेल.

इंदूर म्हणताच तळहातावर शिवलिंग घेतलेली अहिल्याबाई होळकरांची (१७२५-१७९५) प्रतिमा मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. इष्टलिंग तळहाती घेऊन पूजा करणाऱ्या आपल्या घरांना ती प्रतिमा विशेष जवळची वाटते. अहिल्याबाईंच्या पश्चात शंभराहून अधिक वर्षांनी त्याच इंदुरात ही मुलगी राहावयास आली. तिचे नाव महादेवी. पुढे महादेवी वर्मा या नावाने ती साऱ्या भारताला ठाऊक झाली.

घर आणि पूजा

महादेवी वर्मांचा जन्म २६ मार्च १९०७ रोजी फर्रुखाबाद येथे झाला. त्या घराण्यात जवळजवळ दोनशे वर्षे मुलगीच नव्हती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आजोबांनी दुर्गेची पुष्कळ आराधना केली आणि नात झाली तेव्हा तिला देवीचेच नाव दिले. आपल्या कानांना महादेवी म्हणताच उडुतडीची अक्कमहादेवी आठवते. हा नावाचा योगायोग आहे, त्यातून अधिक काही काढू नये.

वडील गोविंदप्रसाद हे शिकलेले गृहस्थ. देवपूजेकडे त्यांचा ओढा नव्हता. आई हेमरानी देवी मात्र अत्यंत भाविक. त्या जबलपूरकडच्या. घरात हिंदी आणि पूजापाठ आला तो त्यांच्याबरोबर. त्यांनी लेकीला पहिल्याने पंचतंत्र वाचावयास शिकविले. सकाळी त्या प्रभाती म्हणत आणि संध्याकाळी मीरेची पदे गात. ते ऐकून ऐकूनच आपण लिहू लागलो, असे महादेवींनी सांगितले आहे. १९१२ मध्ये इंदूरच्या मिशन शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले. घरी संस्कृत, संगीत आणि चित्रकलाही शिकविली जात असे. नवव्या वर्षी लग्न झाले. तेव्हा आपण ज्या ओळींविषयी बोलत आहोत त्या शाळा आणि लग्न यांमधल्या अगदी थोड्या वर्षांतल्या आहेत.

आता या घरातील पूजेचा क्रम डोळ्यांपुढे आणा. आई पहाटे गोड आवाजात प्रभाती म्हणून देवाला उठवते. मग त्याला स्नान घालते, चंदन लावते, नैवेद्य दाखविते. माळव्याच्या पठारावर थंडीच्या दिवसांत पहाटेचे पाणी किती गार असते हे तेथे राहिलेल्यांना सांगावयास नको. मूल शेजारी बसून हे पाहते आहे. पुराणातील कोणतीही कथा आईने त्या वेळी सांगितली नसेल. तरी रोजची पूजा हीच एक कथा होती. देव जिवंत आहे, तो झोपतो, जागा होतो, स्नान करतो, जेवतो, ही ती कथा. आई ती हातांनी सांगत होती आणि मुलगी डोळ्यांनी ऐकत होती.

पाच ओळींत काय आहे

या कथेवर मुलीने यमके जुळवून जे म्हटले त्याचा आशय साधा आहे. थंड पाण्याची आंघोळ, त्यावर थंड चंदनाचा लेप, आणि देवासाठी म्हणून मांडलेला खाऊ शेवटी मुलांच्या हाती. इतके होऊनही हा देव कधी चकार शब्द काढत नाही. तेव्हा आईचा हा देव फारच भोळा असला पाहिजे.

मोठी माणसे हे ऐकून हसतात. कोणी म्हणेल, पोरीने देवाची थट्टा केली. कोणी म्हणेल, बघा, लहान वयातच तिला मूर्तिपूजेतील फोलपणा कळला. वाचकहो, माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. ओळी सावकाश पाहिल्या तर चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, मुलीला देवाविषयी शंका नाही. शंका असती तर गार पाण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. दगडाला वा धातूला थंडी वाजत नाही हे सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. तिने देव जिवंत आहे ही आईची कथा पूर्ण खरी मानली आणि तिच्या शेवटापर्यंत गेली. जिवंत आहे, तर त्याला थंडी वाजणार. जेवतो, तर त्याचे जेवण दुसऱ्याला दिल्यास तो उपाशी राहणार. मोठी माणसे कथा अर्धी मानतात. देवाला उठवताना तो त्यांच्यालेखी जिवंत असतो आणि पाणी ओतताना ते विसरतात. मुलाला अर्धे मानणे जमत नाही.

दुसरी गोष्ट खाऊची. तो खाऊ कोणा परक्याने नेला असे ती म्हणत नाही. तो आम्हालाच मिळतो, असे म्हणते. म्हणजे देवावर होणाऱ्या अन्यायात ती स्वतःलाही धरते. गोड लागलेला घास आणि ज्याचा तो घास होता त्याची आठवण, या दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकत्र आहेत. प्रसाद खाताना आपल्यापैकी कितीजणांच्या मनात अशी आठवण येते?

तिसरी गोष्ट मालकीची. देव तिने आपला म्हटलेला नाही, आईचा म्हटला आहे. जे दुसऱ्याचे आहे त्याचीही तिला कणव आली. शेजारच्या घरी बांधलेल्या वासराला ऊन लागते आहे हे पाहून मूल जसे कळवळते, तसेच हे आहे.

चौथी गोष्ट त्या भोळेपणाची. ठाकूरजी म्हणजे वैष्णव घरातील देव. पण मुलीने त्याला दिलेले विशेषण शैवांच्या रोजच्या बोलण्यातले आहे. सोसतो आणि तक्रार करीत नाही, तो भोळा. आपण सांबाला भोळा म्हणतो ते तो लवकर प्रसन्न होतो म्हणून. या मुलीने देवाला भोळे म्हटले ते त्याच्यावर दया येऊन. भक्ताने देवाची कृपा मागावी हे नेहमीचेच आहे. येथे मात्र एक बालक देवावर कृपा करीत आहे.

कोळूरची कोडगूसू

आपल्या परंपरेत याच्या अगदी जवळची एक कथा आहे. कन्नड कवी हरिहर याने रगळे या छंदात शिवशरणांची चरित्रे गायिली. त्यांत कोळूरच्या कोडगूसूची कथा येते. कोडगूसू म्हणजे लहान मुलगी. तिचे वडील नित्य शिवालयात दुधाचा नैवेद्य नेत. एकदा परगावी जाताना त्यांनी हे काम मुलीवर सोपविले. मुलगी दूध घेऊन गेली आणि पाहते तो देव दूध पिईना. तिने विनविले, रडली, घरी आपल्याला बोलणी बसतील म्हणाली, शेवटी लिंगावर डोके आपटून घ्यावयास निघाली. तेव्हा शिवाने दूध प्राशन केले. आपल्या नामदेवरायांच्या बालपणी पांडुरंगाने नैवेद्य खाल्ल्याची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते, तिचीच ही बहीण म्हणावी.

परंतु कोडगूसूच्या कथेचा उत्तरार्ध आपण फारसा सांगत नाही. वडील परत आले आणि त्यांनी रिकामे भांडे पाहिले. देव दूध प्याला हे त्यांना पटेना. मुलीनेच दूध पिऊन टाकले असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी तिला देवळात नेऊन पुन्हा दूध ठेवावयास लावले. त्यांच्यादेखत देव प्याला नाही. वडील रागाने धावून गेले. मुलीने शिवाचा धावा केला आणि ती लिंगात सामावून गेली. वडिलांच्या हाती केवळ तिचे केस राहिले.

ही कथा चमत्कार म्हणून ऐकू नका, शिकवण म्हणून ऐका. देवाला रोज दूध दाखविणारे कोण? वडील. देव दूध पितो असे मुलीला कृतीने शिकविणारे कोण? वडीलच. आणि देव खरोखर प्याला असे मुलीने सांगताच विश्वास न ठेवणारेही तेच. आपणच शिकविलेली गोष्ट मुलाने पूर्ण खरी मानली की आपल्याला राग येतो.

तमिळ देशातील तिरुज्ञानसंबंधर हे आपल्या परंपरेने वंदिलेल्या त्रेसष्ट पुरातनांपैकी एक. सातव्या शतकातील या बालकवीची कथाही अशीच आहे. शीर्काळीच्या देवळातील तळ्याकाठी तीन वर्षांचे हे बालक भुकेने रडू लागले, तेव्हा पार्वतीने त्याला दूध पाजले. स्नान करून आलेल्या वडिलांनी बालकाच्या ओठांवरचे दूध पाहिले आणि कोणाचे दूध प्यालास म्हणून छडी उगारली. बालकाने आकाशाकडे बोट दाखवून पहिले पद गायिले. येथे छडी खाली आली, कारण वडिलांनी पद ऐकून घेतले. कोळूरच्या वडिलांनी ऐकून घेतले नाही. दोन कथांचे शेवट निरनिराळे झाले ते एवढ्याच कारणाने.

इंदूरच्या घरात देवाने दूध घेतले नाही आणि पार्वतीही आली नाही. देव गप्पच राहिला. पण त्या मुलीची यमके कोणी दडपून टाकली नाहीत. ती तिच्या स्मरणात राहिली आणि पुढे ग्रंथांतून आपल्यापर्यंत पोहोचली. हेही थोडे नव्हे.

न जेवणारा देव, जेवणारा जीव

आता वचनाकडे वळू. बसवण्णांचे एक अत्यंत प्रसिद्ध वचन आहे. दगडाच्या नागाला दूध घालणारी माणसे खरा नाग दिसताच काठी घेऊन धावतात, असा त्याचा पूर्वार्ध. उत्तरार्धात ते म्हणतात की, जो खाऊ शकतो असा जंगम दारी आला तर त्याला घालवून देतात आणि जे लिंग खात नाही त्याच्यापुढे मात्र अन्न मांडतात.

हे वचन आपण पाठ केलेले असते. स्पर्धेत म्हणूनही दाखवितो. परंतु त्यातील टीका कोणावर आहे? पूजा करणाऱ्यावर नाही. पूजेत जे मान्य केले ते पूजा संपताच विसरणाऱ्यावर आहे. नागात देव पाहिलास ना, मग तो देव खऱ्या नागात का दिसेना? अन्न अर्पण करावेसे वाटले ना, मग ते ज्याला लागते त्याला का देत नाहीस? कथा अर्धी का मानतोस, एवढाच बसवण्णांचा प्रश्न आहे. इंदूरच्या मुलीचा प्रश्न याहून वेगळा नाही. देवाला मिळालेले अन्न देवाला मिळत नाही हे तिच्या लक्षात आले. ते कोणाला मिळावे याचे उत्तर तिच्याजवळ त्या वयात नव्हते. बसवण्णांजवळ ते होते. त्यालाच आपण दासोह म्हणतो.

आणि पाहा, त्या उत्तराची सोय इंदूरच्या त्याच घरात झालेली होती. महादेवी वर्मांच्या ‘अतीत के चलचित्र’ या १९४१ च्या पुस्तकात पहिलेच चित्र रामाचे आहे. रामा हा बुंदेलखंडातील खेड्यातला मुलगा. सावत्र आईच्या जाचाला कंटाळून तो घर सोडून निघाला आणि मागत खात इंदूरपर्यंत पोहोचला. तेथे त्याचे कोणी नव्हते, राहावयास जागा नव्हती. महादेवींच्या आईने त्याला घरात घेतले. तो त्या घरी कामाला राहिला आणि मुलांचा सांभाळ करता करता त्यांच्या जिवाभावाचा झाला. मुलांना आंघोळ घालणारे, भरविणारे, झोपविणारे हात रामाचे होते.

म्हणजे जी आई न बोलणाऱ्या देवाला पहाटे उठवीत होती, तीच आई भुकेल्या मुलाला घरात घेत होती. मुलीने दोन्ही पाहिले. देव्हाऱ्यातील देवाविषयी तिने पाच ओळी केल्या. दारी आलेल्या रामाविषयी लिहावयास तिला पुढे पुष्कळ वर्षे लागली, पण तिने तेही लिहिले. पूजा आणि दासोह एकाच घरात नांदत असले की मूल शहाणे होते. नुसती पूजा पाहणारे मूल एक तर आंधळे मानते नाही तर कडवट हसते.

त्याच पुस्तकात घीसा नावाच्या मुलाचेही चित्र आहे. गंगेपलीकडच्या खेड्यातील गरीब मुलांना महादेवी शिकवावयास जात. त्या मुलांत हा बापावेगळा पोर होता. खाऊ वाटला तर तो आपल्या वाट्यातून आईसाठी आणि कुत्र्याच्या पिलासाठी राखून ठेवी. गुरू निरोप घेणार हे कळले तेव्हा त्याने अंगातील नवा कुडता देऊन एक कलिंगड आणले आणि ते गुरूपुढे ठेवले. स्वतःच्या वाट्याच्या घासात दुसऱ्याची भूक पाहणारा हा मुलगा महादेवींना का दिसला असेल? आपल्याला मिळालेला गोड घास खरा कोणाचा, हे ज्या मुलीने सहाव्या-सातव्या वर्षी विचारले होते तिलाच तो दिसावयाचा.

महादेवी वर्मा पुढे प्रयाग महिला विद्यापीठाच्या प्राचार्या झाल्या. १९८२ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. ११ सप्टेंबर १९८७ रोजी अलाहाबादेत त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कवितेत न दिसणाऱ्या प्रियाची आर्त आळवणी आहे, म्हणून लोक त्यांना आधुनिक मीरा म्हणत. त्यांच्या गद्यात मात्र नोकर, अनाथ मुले, सोडून दिलेल्या स्त्रिया आणि पाळलेले पशुपक्षी आहेत. न बोलणारा देव आणि भुकेला जीव, या दोन्ही वाटा त्यांनी अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. दोन्ही इंदूरच्या घरातून निघाल्या होत्या.

आपल्या घरी

शरणबंधूंनो, हा पाठ आपल्या घरासाठी आहे. आपल्याकडे मूल जन्मताच त्याला लिंगधारणा होते. आजी-आजोबा इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पाणी घालतात, विभूती लावतात, बेलाचे पान वाहतात. नातू शेजारी बसून पाहत असतो. एखाद्या दिवशी तो विचारतो, “आजी, याला थंडी नाही वाजत का?” अशा वेळी आपण तीनपैकी एक गोष्ट करतो. गप्प बस, असे म्हणतो. किंवा पाहुण्यांना बोलावून त्याचे बोलणे हसून सांगतो. किंवा लिंग म्हणजे निराकार परशिवाचे चिन्ह, असे त्याला न कळणारे तत्त्वज्ञान सांगू लागतो.

तिन्हींचा परिणाम एकच होतो. मुलाला कळते की येथे विचारावयाचे नसते, केवळ म्हणावयाचे असते. मग ते वचने सुरेख म्हणते, बसवजयंतीच्या कार्यक्रमात बक्षीसही आणते. पाठांतर चांगलेच आहे, त्याने जिभेला वळण लागते. परंतु ज्या वचनकारांनी आयुष्यभर प्रश्न विचारले त्यांची वचने मुलांना प्रश्न न विचारता म्हणावयास लावणे, ही विसंगती आपण ओळखली पाहिजे. वचने राजसभेच्या भाषेत लिहिलेली नाहीत. होडी चालविणारे, चांभारकाम करणारे, दोरी वळणारे, तांदूळ वेचणारे शरण जसे बोलत तशी ती उतरली. मुलाने आपल्या बोलीत जुळविलेल्या दोन ओळींना या परंपरेत जागा नसेल तर कोठे असेल?

तेव्हा मुलाने विचारले की आधी त्यालाच विचारा, “तुला काय वाटते?” आणि थांबा. तो म्हणेल, वाजत असेल. मग पाणी थोडे कोमट करून घ्या. त्याने लिंगाचे काही कमी-जास्त होणार नाही, पण मुलाला कळेल की आपल्या दयेला या घरात किंमत आहे. बसवण्णांनी दयेलाच धर्माचे मूळ मानले. ते मूळ मुलाच्या मनात आपोआप रुजलेले असते, आपण ते उपटू नये एवढेच पुरे. त्याने यमक जुळविले तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा. त्याला ओट्यावर उभे करून दहाजणांपुढे म्हणावयास लावू नका. कौतुकाने ते यमक त्याचे राहत नाही, आपले होते.

आणि नैवेद्याचा प्रश्न आला की उत्तर तोंडाने देऊ नका. ताटातील वाटा मुलाच्या हाती द्या आणि दारी आलेल्या भुकेल्याला, शेजारच्या एकट्या म्हातारीला किंवा घरी कामास येणाऱ्या बाईच्या लेकराला तो नेऊन देऊ द्या. न बोलणारा देव बोलत का नाही, हे मग मुलाला समजावून सांगावे लागणार नाही. जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते त्याला दिसेल.

मननासाठी

१. आपल्या घरातील पूजेतून मुले कोणती कथा पाहतात? ती कथा आपण स्वतः कोठपर्यंत खरी मानतो?

२. कोडगूसूचे वडील आणि संबंधरांचे वडील यांच्यापैकी आपण अधिक वेळा कोणासारखे वागतो?

३. बसवण्णांच्या उपर्युक्त वचनातील जंगम या आठवड्यात आपल्या दारी कोणत्या रूपाने आला होता?

या प्रश्नांची उत्तरे मुलांना जवळ बसवून, त्यांच्याशी बोलून शोधावीत.